अपुऱ्या गोष्टीचा शेवट कुणी लिहायचा?

१९७४ च्या एप्रिल महिन्यात जपानमध्ये एका गाजलेल्या चित्रपटमालिकेचा सहावा भाग प्रदर्शित झाला. नायक ओगामी इत्तो बर्फाच्छादित डोंगरावर शत्रूच्या संपूर्ण फौजेशी लढतो. त्याच्या लहानग्या मुलाची लाकडी गाडी इथे बर्फावरून घसरणारी होते. माणसे पडत जातात, पांढऱ्या बर्फावर रक्त सांडते, आणि शेवटी ज्याच्यासाठी हा सारा प्रवास चालला होता तो म्हातारा शत्रू, याग्यू रेत्सुदो, निसटून जातो. प्रेक्षक सातव्या भागाची वाट पाहत घरी गेले. सातवा भाग कधीच आला नाही.

यात आळस नव्हता की योजनेतली चूकही नव्हती. ज्या चित्रकथेवरून हे चित्रपट निघत होते, ती त्या वेळी साप्ताहिकात चालूच होती. नायक आणि त्याचा वैरी समोरासमोर आल्यावर काय होणार, हे छापून यायला आणखी दोन वर्षे होती.

जपानी चित्रकथांवरून, म्हणजे ‘मांगा’वरून, आणि त्यांच्या चलत्चित्ररूपांवरून, म्हणजे ‘अ‍ॅनिमे’वरून, हाडामांसाच्या नटांना घेऊन केलेल्या चित्रपटांची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते. पडद्यावरचा माणूस चित्रातल्या माणसासारखा दिसतो का? केस तसे आहेत का, डोळे तसे आहेत का, कपडे जुळतात का? गेली काही वर्षे ही पुस्तके आणि त्यांवरचे चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा मला छंद आहे. त्यातून माझे असे मत झाले आहे की, या इतिहासातला खरा तंटा चेहऱ्याचा नाही. तो न लिहिलेल्या पानांचा आहे. गोष्ट अजून पुरी व्हायची असताना तिचा चित्रपट होतो, तेव्हा उरलेल्या गोष्टीवर हक्क कुणाचा? या प्रश्नाचे उत्तर जपानने अर्धशतकात वेगवेगळ्या तऱ्हांनी दिले, आणि एका उत्तराची किंमत फार मोठी पडली.

चार चौकटींची गृहिणी

प्रश्न नेहमीच असा नव्हता. माचिको हासेगावा या तरुण चित्रकर्तीने १९४६ साली फुकुओकाच्या एका सायंदैनिकात ‘साझाए-सान’ ही चित्रमालिका सुरू केली. पुढे ती ‘आसाही शिंबुन’ या मोठ्या दैनिकात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. युद्धाने पोळलेल्या देशातले एक एकत्र कुटुंब, त्यातली धांदरट पण हसतमुख सून-लेक साझाए, आणि रोजच्या चार चौकटींत एक छोटासा विनोद. या गृहिणीवर १९४८ पासूनच चित्रपट निघू लागले. १९५६ ते १९६१ या काळात गायिका-अभिनेत्री चिएमी एरी हिला घेऊन तोहो कंपनीने दहा चित्रपट काढले.

इथे अपुऱ्या गोष्टीची अडचण नव्हती, कारण रोजची गोष्ट रोज पुरी होत असे. चित्रपटवाल्यांनी पात्रे घ्यावीत, त्यांचा स्वभाव सांभाळावा आणि नवा प्रसंग रचावा, एवढेच काम होते. उरला प्रश्न मालकीचा. हासेगावा या बाबतीत पक्क्या होत्या. मोठ्या बहिणीबरोबर त्यांनी स्वतःची प्रकाशन संस्था काढली होती आणि तिचे नावच ‘शिमाइशा’, म्हणजे ‘भगिनी प्रकाशन’, असे ठेवले होते. टोकियो परिसरातली एक बस कंपनी १९५१ पासून आपल्या सहलीच्या गाड्यांवर साझाए आणि तिच्या भावंडांचे चेहरे रंगवून फिरत होती, परवानगी न घेता. हासेगावा न्यायालयात गेल्या. २६ मे १९७६ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १ कोटी ८२ लाख ४० हजार येन भरपाई देण्यास सांगितले. गाड्यांवरचे चेहरे कोणत्याही एका छापील चौकटीची हुबेहूब नक्कल नव्हते. तरीही पाहणाऱ्याला ती साझाएच वाटते, म्हणून ती हासेगावांचीच, असा त्या निकालाचा अर्थ. जपानी चित्रकथांच्या कायद्यात हा खटला आजही दाखल्यासाठी काढला जातो.

साप्ताहिकांनी गोष्ट लांबवली

मधल्या काळात चित्रकथेचे रूप बदलले होते. युद्धानंतर गरीब वस्त्यांमध्ये ‘कामिशिबाई’वाले सायकलवरून लाकडी चौकट घेऊन येत आणि एकामागून एक चित्र सरकवत गोष्ट सांगत. पिंगुळीची चित्रकथी पाहिलेल्या वाचकाला ही कला परकी वाटणार नाही. त्याचबरोबर भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांसाठी खास चित्रपुस्तके निघत. या दुकानी पुस्तकांत काम करणाऱ्या तरुणांना मुलांसाठीचे गोल गोल डोळ्यांचे विनोद पुरेनात. योशिहिरो तात्सुमी यांनी १९५७ साली आपल्या कामाला ‘गेकिगा’ म्हणजे ‘नाट्यचित्रे’ असे नाव दिले. अंधाऱ्या गल्ल्या, गुन्हे, घामेजलेले चेहरे, आणि कॅमेरा फिरावा तशी बदलणारी चौकट. ही मंडळी चित्रपट पाहून चित्रे काढायला शिकली होती.

१७ मार्च १९५९ या एकाच दिवशी मुलांची दोन साप्ताहिके बाजारात आली, ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’. मासिकाची चाल सोडून गोष्ट आठवड्याच्या चालीवर आली. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’ने वाचकांच्या पोस्टकार्डांवरून कुठली मालिका चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची हे ठरवण्याची पद्धत रूढ केली. लोकप्रिय गोष्ट वर्षानुवर्षे लांबवायची, नावडती दोन-तीन महिन्यांत गुंडाळायची. त्यामुळे कित्येकदा खुद्द लेखकालाही शेवट ठाऊक नसे. आणि लोकप्रियता शिगेला असतानाच चित्रपटवाले दाराशी येत, कारण गोष्ट संपेपर्यंत थांबले तर गर्दी ओसरणार.

ज्या सहाव्या चित्रपटापासून आपण सुरुवात केली, त्याची कथा या वळणावरच जन्मली.

पोराला घेऊन फिरणारा लांडगा

‘कोझुरे ओकामी’ म्हणजे पोराला सोबत घेऊन फिरणारा लांडगा. ही चित्रकथा फुताबाशा प्रकाशनाच्या ‘मांगा अ‍ॅक्शन’ या प्रौढांसाठीच्या साप्ताहिकात सप्टेंबर १९७० मध्ये सुरू झाली. लेखक काझुओ कोइके, चित्रकार गोसेकी कोजिमा. कोजिमा यांची जन्मतारीख ३ नोव्हेंबर १९२८. मांगाचे पितामह मानले गेलेले ओसामू तेझुका यांचीही तीच, वर्षासकट. तेझुका यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले होते. कोजिमा मात्र चित्रपटगृहांच्या जाहिराती रंगवून पोट भरत. पुढे त्यांनी कामिशिबाईची चित्रे काढली, मग भाड्याच्या पुस्तकांची. चित्रपटाची सावली त्यांच्या हातावर सुरुवातीपासून होती.

गोष्ट तोकुगावा शोगुनांच्या काळातली आहे. एखाद्या सरदाराला पोट चिरून मरण्याची आज्ञा झाली, की त्याच्या यातना लांबू नयेत म्हणून मागे उभा राहून मान उडवणारा अधिकारी असे. ओगामी इत्तो हा शोगुनचा असा अधिकारी. ते पद बळकावण्यासाठी याग्यू घराणे त्याच्या पत्नीचा खून करते आणि त्याच्यावर राजद्रोहाचा आळ आणते. त्याच्या लहान मुलाचे, दाइगोरोचे, काय करायचे? ओगामी त्याच्यासमोर एक चेंडू आणि एक तलवार ठेवतो. चेंडूकडे गेलास तर तुला आईकडे पाठवतो, तलवारीकडे आलास तर माझ्याबरोबर नरकाच्या वाटेवर चल. रांगणारे मूल चेंडूशी घुटमळते आणि तलवारीकडे वळते. पुढे बाप लाकडी गाडीत मूल घालून गावोगाव फिरतो आणि ठरलेल्या रकमेवर माणसे मारतो.

मालिका सुरू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, तेव्हा पहिला चित्रपट आला, जानेवारी १९७२ मध्ये. निर्माता होता शिंतारो कात्सू, आंधळ्या तलवारबाज झातोइचीच्या भूमिकेने जपानभर लाडका झालेला नट. ओगामीचे काम त्याच्या थोरल्या भावाने, तोमिसाबुरो वाकायामाने, केले. दिग्दर्शक केंजी मिसुमी. १९६२ मधला पहिला झातोइची चित्रपट त्यांचाच. हे सारे दाइएइ या जुन्या चित्रसंस्थेच्या परंपरेतले लोक, आणि दाइएइचे दिवाळे निघाले ते डिसेंबर १९७१ मध्ये, म्हणजे पहिल्या चित्रपटाच्या महिनाभर आधी. वाटप तोहोने केले. जपानी चित्रधंद्याचा वाडा पडत होता आणि दूरचित्रवाणी घराघरांत जाऊन बसली होती. अशा वेळी तयार वाचकवर्ग असलेली गोष्ट म्हणजे बुडत्याच्या हाती लागलेली फळीच.

आता चेहऱ्याचा हिशेब मांडला तर वाकायामाची निवड चुकीचीच ठरावी. कोजिमांच्या रेषेतला ओगामी ताठ, कोरीव. वाकायामा गोल चेहऱ्याचा, अंगाने भरलेला. त्याला ही भूमिका इतकी हवी होती, की तो कोइके यांच्या घरी गेला आणि एवढ्या जाड अंगानेही आपण चपळ आहोत हे दाखवायला त्याने तिथे कोलांटी मारली, अशी आठवण कोइके पुढे सांगत. पडद्यावर त्याला पाहिल्यावर पहिल्या दहा मिनिटांत चित्रातला चेहरा आपण विसरतो. त्याच्या जड पापण्या, अजिबात न हलणारे तोंड आणि एकदम सुटणारी तलवार यांतून वेगळाच, तितकाच खरा ओगामी उभा राहतो.

चेहरा जुळत नसताना हे जमले, याचे एक कारण दिग्दर्शक आणि नट. दुसरे, माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे पटकथा. पहिल्या चार चित्रपटांच्या पटकथा कोइके यांनी एकट्याने लिहिल्या, आणि हे चारही चित्रपट १९७२ या एकाच वर्षात आले! एकीकडे दर आठवड्याचा हप्ता, दुसरीकडे दर तिमाहीला एक चित्रपट. कोइके हे आपल्याच साठलेल्या हप्त्यांतून प्रसंग निवडत होते, दोन-तीन प्रकरणे एकत्र गुंफत होते, मधले गाळत होते. पहिल्या चित्रपटात ओगामी द्वंद्वाला उभा राहतो तेव्हा मूल त्याच्या पाठीवर बांधलेले असते आणि मुलाच्या कपाळावर छोटा आरसा असतो. बाप ऐन क्षणी वाकतो, आरशावरून सूर्य प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत जातो आणि तलवार फिरते. दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस वाळूच्या टेकड्यांत माणसे दडून बसलेली असतात आणि लोखंडी नख्या वाळूत खुपसल्या की रक्त वर येते. ही दृश्ये कॅमेऱ्याला हवी तशीच योजलेली आहेत. चित्रपट पाहून चित्रे काढायला शिकलेल्यांची गोष्ट इथे जणू माहेरी आली.

पाचव्या चित्रपटात, ऑगस्ट १९७३ मध्ये, कोइके यांच्या जोडीला त्सुतोमू नाकामुरा हे दुसरे पटकथाकार आले. सहाव्यात कोइके नव्हतेच, पटकथा नाकामुरांची होती. दरम्यान एप्रिल १९७३ पासून योरोझुया किन्नोसुके या नामवंत नटाला घेऊन याच कथेची दूरचित्रवाणी मालिकाही सुरू झाली होती. म्हणजे एकच ओगामी तीन ठिकाणी एकाच वेळी चालत होता, साप्ताहिकात, मोठ्या पडद्यावर आणि छोट्या पडद्यावर. यांतल्या कुणाला शेवट करायचा अधिकार होता? चित्रपटाने तो घेतला नाही. त्याने रेत्सुदोला बर्फातून जाऊ दिले आणि दार उघडे ठेवले. पाहणाऱ्याला चुटपुट लागते, पण आज मला तो शेवट सभ्यपणाचा वाटतो.

कोइके आणि कोजिमा यांनी आपला शेवट एप्रिल १९७६ मध्ये केला. पुस्तकरूपात २८ खंड भरलेल्या या कथेच्या अखेरीस बाप पडतो, मुलगा मोडका भाला उचलून म्हाताऱ्या रेत्सुदोवर धावतो, आणि तो म्हातारा हात पसरून त्याला कवेत घेतो. सूडकथेचा असा शेवट दुसऱ्या कुणाला सुचला असता आणि त्याने तो दोन वर्षे आधी पडद्यावर उधळला असता, तर काय झाले असते याचा विचार करून पाहावा.

तसा प्रकार दूर देशी घडलाच. १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ह्यूस्टन आणि डेव्हिड वाइसमन यांनी पहिल्या चित्रपटातली सुमारे बारा मिनिटे आणि दुसऱ्याचा बहुतेक भाग जोडून ‘शोगन असॅसिन’ नावाचा एकच चित्रपट तयार केला. इंग्रजी संवाद घातले, मुळात क्वचितच बोलणाऱ्या दाइगोरोच्या तोंडी निवेदन दिले आणि याग्यू घराण्याच्या कारस्थानाऐवजी भ्रमिष्ट शोगुनलाच खलनायक केले. पाश्चात्त्य प्रेक्षकांची एक पिढी कोइके यांच्या गोष्टीला या नावाने ओळखते. मूळ चित्रकथेचे इंग्रजी भाषांतर त्यानंतर सात वर्षांनी, १९८७ मध्ये निघू लागले.

सारे जुळले, तरी

चेहऱ्याच्या मुद्द्याचा निकाल लावायला उलट उदाहरणही हवे. रियोको इकेदा यांची ‘बेरुसाइयु नो बारा’ म्हणजे ‘व्हर्सायचा गुलाब’ ही चित्रकथा १९७२-७३ मध्ये मुलींच्या साप्ताहिकात आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावर पुरुषवेशात राजरक्षक दलाची अधिकारी झालेल्या ऑस्करने जपानी मुलींना वेड लावले. १९७९ मध्ये तिच्यावर ‘लेडी ऑस्कर’ हा चित्रपट निघाला. पैसा जपानी, दिग्दर्शक मात्र साक्षात जाक दमी, संगीत मिशेल लग्राँ यांचे आणि चित्रीकरण खुद्द व्हर्सायच्या राजवाड्यात. गोऱ्या मुली, खरे सोनेरी केस, खरे आरसेमहाल. दिसण्यात काही उणे नव्हते. तरीही इकेदांच्या वाचकांना ती आपली ऑस्कर वाटली नाही, आणि फ्रान्समध्ये त्या वेळी हा चित्रपट रीतसर प्रदर्शितच झाला नाही.

इथे गोष्ट पुरी झालेली होती, तरी शेवट बदलला होता. इकेदांची ऑस्कर बास्तीच्या लढाईत सैनिकांच्या पुढे उभी राहून मरते. चित्रपटातली ऑस्कर गर्दीत आंद्रेला हाका मारत हरवून जाते. ज्या मुलींनी तिच्या मरणासाठी डोळे सुजवले होते, त्यांना राजवाडा खरा असून काय उपयोग!

याउलट २०१२ मधला ‘थर्माए रोमाए’ पाहावा. प्राचीन रोममधला स्नानगृहांचा स्थापत्यकार काळ ओलांडून आजच्या जपानी हमामखान्यात उगवतो, अशी मारी यामाझाकी यांची ही विनोदी चित्रकथा. पडद्यावर रोमन झाले हिरोशी आबे आणि इतर ठसठशीत नाकाडोळ्यांचे जपानी नट. चेहरा जुळण्याचा प्रश्नच हसण्यावारी नेलेला. चित्रपटाने सुमारे ५८० कोटी येनांहून अधिक गल्ला जमवला. पुढच्या वर्षी यामाझाकी यांनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकले की मूळ कथेच्या वापरापोटी आपल्याला मिळाले सुमारे दहा लाख येन. त्यावर गदारोळ झाला आणि लेखिकेलाच हावरट म्हणणारेही निघाले. पण वाचकांना पहिल्यांदा कळले की पडद्यावर नाव मोठ्या अक्षरांत झळकते तेव्हा हाती किती पडते.

एका साप्ताहिकाची दुसरी गोष्ट

लेखकाच्या हाती लेखणी असली की चित्रपट चांगला होतो, असा सोपा नियम मात्र काढता येत नाही. ज्या ‘मांगा अ‍ॅक्शन’मध्ये ओगामी जन्मला, त्याच साप्ताहिकात १९९६ ते १९९८ या काळात ‘ओल्डबॉय’ आली. लेखक गारोन त्सुचिया, चित्रकार नोबुआकी मिनेगिशी. एका माणसाला कारण न सांगता दहा वर्षे खासगी कोठडीत डांबले जाते आणि एक दिवस सोडून दिले जाते. का? चित्रकथेतले उत्तर फार नाजूक आहे. शाळेत एका मुलाने गाणे म्हटले तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले होते. आपले एकटेपण एकाने तरी ओळखले, हेच त्या मुलाला सहन झाले नाही. कोरियाच्या पार्क चान-वूक यांनी २००३ मध्ये चित्रपट केला तेव्हा दहाची पंधरा वर्षे केली आणि हे उत्तर पूर्ण टाकून कौटुंबिक शोकांतिकेचे भयंकर उत्तर घातले. २००४ मध्ये कान महोत्सवात त्याला ‘ग्राँ प्री’ मिळाले. मूळ लेखकांच्या शेवटाशी त्याचा काही संबंध नाही, आणि चित्रपट श्रेष्ठ आहे. पण इथे गोष्ट आधी पुरी झालेली होती. लेखकाचा शेवट कागदावर सुरक्षित होता. पार्क यांचे उत्तर त्याच्या शेजारी उभे राहिले, त्याच्या जागी बसले नाही.

आणि हे सारे रीतसर परवानगीने झाले. आपल्या मुंबईत काय झाले तेही सांगायला हवे. जानेवारी २००६ मध्ये संजय गुप्ता यांचा ‘जिंदा’ आला. संजय दत्तला बँकॉकमध्ये १४ वर्षे कोंडले जाते. साम्य पहिल्या दिवसापासून लोकांनी दाखवले, कोरियन निर्मात्यांकडून कायदेशीर कारवाईची भाषाही झाली, पण त्सुचिया आणि मिनेगिशी ही नावे आपल्याकडच्या प्रेक्षकांच्या कानांवर आली नाहीत. हिंदी पडदा तेव्हा कोरियाकडे पाहत होता. त्यामागे जपानी साप्ताहिकाची पाने होती, याची जाणीवही फार थोड्यांना होती.

जपानच्या स्वतःच्या अ‍ॅनिमेत या प्रश्नावर एक तिसरीच वाट निघाली होती. हायाओ मियाझाकी यांनी ‘नाउसिका’ ही आपली चित्रकथा चालू असतानाच १९८४ मध्ये तिचा चित्रपट केला. कात्सुहिरो ओतोमो यांनी १९८८ मध्ये ‘अकिरा’चे तसेच केले. चित्रपटांना त्यांनी वेगळे शेवट दिले आणि चित्रकथा नंतर आपल्या वाटेने पुरी केल्या, ‘अकिरा’ १९९० मध्ये आणि ‘नाउसिका’ १९९४ मध्ये. स्वतःच्या गोष्टीशी स्वतःच फारकत घेतली तर फिर्याद कोण करणार? पण साऱ्याच चित्रकारांना दिग्दर्शक होता येत नाही.

तानाका-सान

हिनाको आशिहारा यांना ते व्हायचेही नव्हते. ‘सुनादोकेई’ म्हणजे ‘वाळूचे घड्याळ’ या त्यांच्या चित्रकथेला शोगाकुकान पुरस्कार मिळाला होता. तिच्यावर मालिका आणि २००८ मध्ये चित्रपटही झाला होता. म्हणजे हा व्यवहार त्यांना नवा नव्हता. २०१७ पासून त्या ‘सेक्सी तानाका-सान’ ही मालिका रेखाटत होत्या. कचेरीत हिशेब विभागात खाली मान घालून काम करणारी, चाळिशीची, अबोल तानाका-सान संध्याकाळी एका हॉटेलात बेली डान्स करते, आणि त्या नाचाने तिची पाठ हळूहळू ताठ होते. नाव भडक, गोष्ट मात्र फार हळुवार, स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसांची.

निप्पॉन टेलिव्हिजनने तिच्यावर हाडामांसाच्या नटांची मालिका करायचे ठरवले. गोष्ट अपुरी होती. म्हणून आशिहारा यांनी प्रकाशकामार्फत अटी घातल्या. पटकथा मूळ कथेला धरून असावी. छापून न आलेल्या शेवटच्या भागाचे कथासूत्र आणि संवाद आपण स्वतः देऊ आणि ते बदलू नयेत. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या काळात दहा भाग दाखवले गेले. पटकथांवरून ओढाताण झाली आणि शेवटचे दोन भाग, नववा आणि दहावा, आशिहारा यांनी स्वतः लिहिले. हप्त्याच्या तारखा सांभाळून, पटकथालेखनाची सवय नसताना.

प्रसारणानंतर या दोन भागांवरून समाजमाध्यमांत वाद सुरू झाला. २६ जानेवारी २०२४ रोजी आशिहारा यांनी आपली बाजू सविस्तर मांडली. तिचा सूर आरोपाचा नव्हता. आपल्या अटी काय होत्या, काय घडले, आणि घाईत लिहिलेल्या भागांत उणिवा राहिल्या असतील तर क्षमा असावी, असा होता. त्यानंतर त्यांच्या बाजूने आलेल्या लोंढ्याने पटकथालेखिकेला आणि वाहिनीला धारेवर धरले. २८ तारखेला आशिहारा यांनी आपले लिखाण काढून टाकले. कुणावर हल्ला करण्याचा आपला हेतू नव्हता, अशा आशयाचे दोन शब्द लिहिले. २९ जानेवारीला त्या मृतावस्थेत आढळल्या. त्यांनी आत्महत्या केल्याचे वृत्त आले. वय ५० होते.

माणसाच्या मृत्यूला एक कारण चिकटवून मोकळे होणे उद्धटपणाचे आहे, आणि ते मी करणार नाही. पण त्यानंतर वाहिनीने आणि प्रकाशकाने २०२४ च्या मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला जे चौकशी अहवाल काढले, त्यांतून एक गोष्ट दिसते. लेखिकेला ज्या अटी वाटत होत्या, त्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत इच्छा झाल्या होत्या. लेखिका संपादकाला सांगते, संपादक निर्मात्याला, निर्माता पटकथालेखिकेला, आणि प्रत्येक उंबरठ्यावर शब्दाची धार थोडी बोथट होते. ज्या दोन स्त्रियांच्या लेखण्या एका गोष्टीवर चालत होत्या, त्यांच्यात सरळ संवादच नव्हता.

कायदा याबाबत मुका नाही. १९७० मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी १९७१ पासून लागू झालेला जपानचा स्वामित्वहक्क कायदा सांगतो की रूपांतराला मूळ लेखकाची संमती लागते आणि त्याच्या कृतीत त्याच्या इच्छेविरुद्ध बदल करता येत नाहीत. हा दुसरा हक्क विकताही येत नाही, तो लेखकाच्या अंगालाच चिकटलेला असतो. पण कायद्याचे डोळे लिहिलेल्या पानावर असतात. तानाका-सान पुढे कशी वागेल, हे आशिहारा यांच्या मनात होते. मनातल्या पानाला कुंपण घालायचे तर ते संमती देतानाच, आधी, लेखी आणि स्पष्ट शब्दांत घालावे लागते.

हे करता येते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. एइइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे आणि अजून पुरी झालेली नाही. तिच्यावरची हाडामांसाच्या नटांची मालिका ३१ ऑगस्ट २०२३ रोजी जगभर आली, म्हणजे तानाका-सानच्या जेमतेम दोन महिने आधी. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत, नायक मेक्सिकोचा. ओदा स्वतः निर्मात्यांच्या यादीत होते, आणि आपले समाधान होईपर्यंत मालिका दाखवायची नाही असे कंपनीने कबूल केल्याचे त्यांनी वाचकांना जाहीर पत्रातून कळवले होते. मालिका लोकांना आवडली. पण ओदांच्या मागे पंचवीस वर्षांची जगड्व्याळ लोकप्रियता उभी होती. आपली मान ताठ ठेवायला लेखकाला एवढी उंची लागत असेल, तर बाकीच्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी लोकप्रियतेच्या जागी कागदावरचा करारच हवा.

दाइगोरोसमोर चेंडू आणि तलवार ठेवण्याचा प्रसंग कोइके यांनी आधी साप्ताहिकात लिहिला आणि मग स्वतःच पटकथेत लिहिला. पुढे चित्रपटमालिका त्यांच्या हातून सुटली, तरी रेत्सुदोचे काय करायचे हे तिने ठरवले नाही. त्यांच्या वाचकांना अठ्ठाविसाव्या खंडात शेवट मिळाला. काझुओ कोइके एप्रिल २०१९ मध्ये वारले, आपली गोष्ट पुरी करून त्रेचाळीस वर्षे झाल्यावर. तानाका-सानचा शेवट दहाव्या भागात दाखवला गेला खरा, आणि तो तिच्या जन्मदात्रीनेच लिहिला होता. पण तिला तो चित्रांत, आपल्या चालीने, घाई न करता काढायचा होता. ती चित्रकथा अपुरीच राहिली आहे.